मालकाच्या वतीनं झोप

ऋतुजा इंगवले हिला झोपायचा पगार मिळायचा. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत शांतिनाथ मगदूम यांची फाउंड्री होती. तिथं सेहेचाळीस माणसं भट्टीपाशी उभी राहून लोखंड ओतायची, आणि सत्तेचाळिसावी, म्हणजे ऋतुजा, दुपारचा डबा खाऊन, हात धुऊन, बरोबर दोन वाजता मागच्या छोट्या खोलीत जाऊन आडवी व्हायची. हजेरीपत्रकात तिच्या नावापुढं 'निद्रा अधिकारी' असं लिहिलेलं होतं. भट्टीवरची माणसं तिला झोपाळू मॅडम म्हणत, पण तोंडावर नाही. त्यांतल्या निम्म्यांच्या अंगात ती एकदा ना एकदा जाऊन आलेली होती. कुणाचा गुडघा ठणकतो आणि वीस वर्षं काम करूनही भट्टीची भीती कुणाची गेलेली नाही, हे तिला ठाऊक होतं.

झोप लागते तेव्हा मेंदू एकदम दुकान बंद करत नाही. पहिली सात-आठ मिनिटं तो फळ्या लावत असतो. तेवढ्यात बाहेरून जे काही आत येईल, पंख्याची घरघर, शेजारच्या फोडणीचा वास, त्याची तो लगेच गोष्ट करून टाकतो. आपलं अंग कुठं संपतं आणि गादी कुठं सुरू होते, हा हिशोबही त्या वेळी सैल पडलेला असतो. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेनं ही सैल जागा हेरली. दुसऱ्या एखाद्या माणसाचा श्वास, त्याची नाडी, स्नायूंचे बारीक ताण, तळहातांचा घाम, सगळं नोंदवून ठेवायचं, आणि त्या सात-आठ मिनिटांत झोपणाऱ्याच्या अंगाला त्याच तालात पुरवायचं. मेंदू आपली नाडी सोडून ती उसनी नाडी धरतो. मग त्या माणसाच्याच आवाजातल्या दोन-चार गोष्टी कानात कुजबुजल्या, की पुढची पंधरा मिनिटं झोपणारा तो माणूस होऊन राहतो. यात भविष्य दिसत नाही, कुणाच्या मनातली गुपितंही कळत नाहीत. दुसऱ्याच्या अंगात बसून आपल्या निर्णयाकडं बघता येतं, एवढंच. यंत्राला लोकांनी 'परकाया' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं.

मग कुठल्याशा शहरात एक नवी कोरी लिफ्ट खाली आली. ज्यानं तो माल पास केला होता त्याच्या डोक्यात लिफ्टमध्ये बसणारं माणूस क्षणभरही आलं नव्हतं, असं चौकशीत निघालं. सरकारनं कायदा केला: ज्या वस्तूवर कुणाचा जीव तोललेला असतो, तिच्यात काही कमी-जास्त सापडलं आणि तरी ती पाठवायची असेल, तर आधी एका जबाबदार व्यक्तीनं परकाया घेऊन सही करावी. जबाबदार म्हणजे मालकच असं कुठंही लिहिलेलं नाही, हे वकिलांनी आठवडाभरात शोधून काढलं. निद्रा अधिकाऱ्यांच्या जाहिराती त्याच्या पुढच्या रविवारी आल्या. ऋतुजाला त्यांतली 'दुपारी शांत झोप येणे आवश्यक' ही अट आवडली होती.

यंत्राला बटणं तीन होती. ते बनवणाऱ्यांत तीन तत्त्वज्ञ होते म्हणे, आणि तिघांचं एकमेकांशी पटेना, म्हणून तीन. पहिलं 'बेरीज'. निर्णयाचा ज्या-ज्या लोकांवर परिणाम होणार त्यांची संख्या मांडायची, आणि यंत्र त्यांतल्या बहुतेकांसारखं एक माणूस निवडून देणार. ज्यात जास्त जणांचं भलं ते बरोबर. दुसरं 'वचन'. इथं संख्येला किंमत नाही. ज्याला शब्द दिलाय त्या एकाच्या अंगात जायचं आणि तो शब्द पलीकडून कसा दिसतो ते बघायचं. तिसरं 'वळण'. यात दुसऱ्या कुणाच्या अंगात जायचंच नाही. यंत्र तुमचे जुने निर्णय आणि तुमचीच नाडी घेतं, आणि पाऊल ज्या बाजूला पडतंय त्या बाजूला तुम्हाला आणखी दहा वर्षं चालवून आणतं. वळणाला बदली माणूस चालत नाही. ज्याचा निर्णय त्यानंच झोपायचं. त्यामुळं वसाहतीतल्या झाडून सगळ्या कारखान्यांत त्या बटणावरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. सगळे बेरीज दाबत. बेरजेत सहसा वाईट स्वप्न पडत नाही.

ट्रेनिंगमध्ये ऋतुजाला एक शिडीही शिकवली होती. माणसाची नीती पायरीपायरीनं वाढते म्हणे. पहिल्या पायरीवर मार बसेल म्हणून माणूस नीट वागतो. दुसरीवर, तू मला दे, मी तुला देतो. तिसरीवर, चारचौघं काय म्हणतील. चौथीवर, नियम म्हणजे नियम. त्याच्यावर आणखी दोन पायऱ्या, तिथं माणूस नियमाच्याही मागं जाऊन बघतो की हा नियम मुळात कुणासाठी केलाय. पण तिथं गर्दी नसते. एकदा चढलेला माणूस खाली उतरत नाही, असं पुस्तकात होतं. पुस्तक लिहिणारा कधी फाउंड्रीत बसलेला नसावा. मगदूम शेठ, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन देवदर्शन करून आले की चौथ्या पायरीवर असत, बँकेचा माणूस येऊन गेला की दुसऱ्या, आणि जेवणानंतर कुठल्याच नाही, कारण त्या वेळी ते खुर्चीत घोरत असत.

त्या भाद्रपदात प्रश्न आला तो तुंब्याचा.

मिरजेचे दस्तगीर मुजावर जत्रा-उरुसांत आकाशपाळणा लावायचे. जुना मोडीत काढून ते बारा डोल्यांचा नवा पाळणा बांधत होते, आणि त्याच्या चाकाच्या मधोमध बसणारे दोन तुंबे, एक डावा, एक उजवा, अण्णांनी ओतून दिले होते. बैलगाडीच्या चाकाला असतो तोच हा तुंबा, फक्त अडीचशे किलोचा. सगळ्या डोल्या आणि डोल्यांतली सगळी माणसं शेवटी त्याच्यावर तोललेली. तपासणीत डाव्या तुंब्याच्या पोटात लिंबाएवढी पोकळी सापडली. ओतताना वायू आत अडकला की असं होतं. पोकळीचं तोंड एका बाजूला वर आलं होतं. ते धातूच्या लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवलं, घासलं, रंग मारला. रंग वाळल्यावर डावा तुंबा उजव्यापेक्षा देखणा दिसायला लागला.

पुन्हा ओतायचा म्हटलं तर वीज नव्हती. मोठ्या भट्ट्यांना आता पाळीनं वीज मिळायची, आणि अण्णांची पुढची पाळी चोवीस दिवसांनी होती. दस्तगीरचा पाळणा त्याच्या आधी, नवरात्रात उभा राहायला हवा होता.

"बेरीज दाब आणि पड निवांत," अण्णा म्हणाले.

"अण्णा, लांबी लावलीय आपण."

"लावलीय की. चौपट ताकद धरून डिझाईन केलंय त्याचं. चार गड्यांचं काम एकटा ओढणारा गडी हाय त्यो. त्यातनं लिंबाएवढं काढलं तर साडेतीन गड्यांचं ओढंल."

"आणि नाही ओढलं तर?"

"तीस वर्षांत माझा एक माल माघारी आला न्हाई. जा, झोप जा. डोळं बघ कसं जड झाल्यात."

डोळे खरंच जड झाले होते. डब्यात झुणका होता.

त्या दुपारी ऋतुजा साठीची एक बाई होती आणि नवी चप्पल तिला चावत होती. शेजारी तिची बहीण. दोघींनी पदर कमरेला खोचले होते आणि कुणी बघत नाही ना म्हणून इकडंतिकडं बघत त्या डोलीत शिरल्या होत्या. डोली उचलली गेली. खाली जत्रा एवढीशी, एवढीशी होत गेली. बत्तासे, बांगड्या, माणसं, सगळं कुणीतरी ओंजळीत घेऊन दूर चालल्यासारखं. उसाची शेतं वाऱ्यानं एका कुशीवर निजत होती. नदी कुणीतरी वाळत घातलेल्या धोतरासारखी लांबच लांब पडलेली. सगळ्यात वर डोली थांबली आणि पोटातून एक हसू वर आलं, लहानपणी चिंचा चोरताना यायचं तसलं. बहीण म्हणाली, "आता उतरायचंच न्हाई." चप्पल पायातून सुटली, खाली पडता पडता तिला पंख फुटले, आणि ती उसावरून उडून गेली.

ऋतुजा हसतच जागी झाली. फॉर्मवर 'बाधित व्यक्तीची मनःस्थिती' या रकान्यात तिनं 'आनंदी' लिहिलं. सही मात्र उद्यावर ठेवली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. बहुतेक त्या हसण्यामुळंच. इतकं निर्मळ हसू, तेही दुसऱ्या कुणाचं, आणि ते पुरावा म्हणून फाईलला टाचायचं, हे तिच्या हातून होईना.

घरी गेली तर संग्राम कुकर लावत होता. तिचा नवरा, शाळेत मुलांना खेळ शिकवायचा. तिनं दारात चप्पल काढली, टाचेवर फुंकर घातली आणि म्हणाली, "अहो, दमलात का?"

संग्राम वळून हसला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि अहो हा शब्द या घरात कधी आलेला नव्हता. "आज कोण आलंय आपल्याकडं?"

"पाळण्यात बसलेली एक बाई. साठीची. फार गोड होती रे."

"मग राहू दे चार दिवस. मागच्या महिन्यात तो गॅसकटरवाला आलेला, तो आठवडाभर उकिडवा बसून जेवत होता. मी काही बोललो नाही."

"तुला त्रास होतो?"

"पाहुण्यांचा नाही होत. भले असतात सगळे." त्यानं कुकरची शिट्टी नीट बसवली. "मला फक्त गणित कळत नाही. झोप तुझी, नाडी त्या बाईची, पाळणा तिसऱ्याचा. यात अण्णांचं काय लागलं?"

 तीन वर्षांत तिनं दोनशे चौदा माणसं अंगात घेतली होती. त्यांतल्या कित्येकांसाठी ती जागी झाल्यावर रडली होती. आणि दर वेळी अण्णा दारात उभे राहून विचारायचे, "झाली काय झोप? दे सही." तिला वाटायचं की ती शिडी चढतेय. चढत असेलही. पण शिडी धरून उभा असलेला माणूस खालीच होता, आणि माल पाठवायचा की नाही ते तोच ठरवत होता.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तिनं कुणाला न विचारता 'वचन' दाबलं. ऑर्डर देताना गिऱ्हाइकानं अर्धा तास बसून आपली नाडी आणि आवाज नोंदवून द्यायचा, हाही कायदाच होता. दस्तगीरनी तो अर्धा तास भरभरून दिला होता.

आता तिचे तळहात रुंद होते आणि बोटांत ग्रीसचा वास मुरलेला होता. छातीत एक जुना खोकला निजलेला. समोर मोकळं मैदान. जत्रा अजून आलेली नव्हती, नुसती चुन्यानं आखलेली होती, आणि त्या पांढऱ्या रेघांमधून दुपार सावकाश चालत होती. कानाशी दस्तगीरचाच आवाज होता: पयला फेरा तिकिटाचा नसतो. पयला फेरा घरचा. आधी माझे अब्बा बसायचे, आता मी, बायको, लेक, जावई, नात. आमी बसून उतरल्याबिगर पब्लिकला बसवत न्हाई. बारा डोल्या एकेक करून खाली येत होत्या आणि प्रत्येकीत घरचं कुणी ना कुणी बसत होतं, जिवंत असलेलं, नसलेलंही. चाक आवाज न करता फिरायला लागलं. नात वरून हात हलवत होती आणि तिच्या हाताची सावली मैदानभर पसरत होती. जाता जाता दस्तगीरनी डाव्या तुंब्यावर थाप मारली, घोड्याच्या मानेवर मारतात तशी. हाताला ठाऊक होतं की हा मगदूम अण्णांचा माल. हात निर्धास्त होता.

स्वप्नात भीती कुठंच नव्हती. तेच वाईट होतं. जागी झाल्यावर कितीतरी वेळ तो निर्धास्त हात तिच्या मनगटाला लागलेला राहिला.

ती तशीच अण्णांपुढं जाऊन उभी राहिली. पहिल्या फेऱ्याचं सांगितलं. अण्णा ऐकत होते, पण नजर वीज कंपनीच्या पत्रावर.

"अण्णा, त्यांना सांगून द्या की तुंबा. पोकळी आहे, लांबी लावलीय, पैसे कमी घेतो. घ्यायचा तर घ्या म्हणावं."

"सांगितलं तर घेईल काय त्यो?"

"नाही घेणार."

"मग?"

"तेच म्हणते मी. सांगितल्यावर जे कुणी घेणार नाही, ते न सांगता कसं द्यायचं?"

"त्याच्या अंगात जाऊन आलीस आणि लागलीस त्याच्या बाजूनं भांडायला. अधिकारी हैस का वकील?" अण्णांनी चष्मा वर सरकवला. "सेहेचाळीस घरं हैत हितं. ही ऑर्डर गेली तर दिवाळीला बोनस कुठनं देऊ? त्यांच्या अंगात गेली न्हाईस काय कधी?"

"गेलेय. बावीस जणांच्या."

"मग?"

"त्यांतल्या कुणाला विचारलंत का, पोकळ तुंबा खपवून मिळालेला बोनस चालेल का म्हणून? भट्टीवरचा गणपा दरवर्षी पोरांना घेऊन त्याच पाळण्यात बसतो."

अण्णांनी पत्राची घडी घातली. मग अगदी मऊ आवाजात, पोरीला समजवावं तसं म्हणाले, "परवा क्षमावाणी हाय. त्या दिवशी माल निघंल. तवर सही पायजे. जमत नसंल तर आत्ताच सांग, ऋतुजा. झोपायला माणसं लई मिळत्यात."

क्षमावाणी म्हणजे जैन लोकांचा माफी मागायचा दिवस. दहा दिवस व्रत करायचं, आणि मग वर्षभरात ज्यांच्याशी संबंध आला त्या सगळ्यांपुढं हात जोडून म्हणायचं, कळत-नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा. हल्ली बहुतेक जण एकच संदेश शंभर जणांना पाठवतात. अण्णांना ते पटत नसे. ते कारखान्यात प्रत्येकापुढं स्वतः जाऊन उभे राहत आणि दुपारी यादी घेऊन एकेका गिऱ्हाइकाला, व्यापाऱ्याला स्वतः फोन लावत. दहा दिवस एकवेळ जेवून त्यांचा चेहरा या दिवशी उतरलेला आणि जरा उजळलेलाही दिसायचा. ढोंग त्यात तिळमात्र नव्हतं. ऋतुजाला अवघड जायचं ते हेच.

सकाळी ते भट्टीवरून फिरले. "कळत-नकळत काही चुकलं असंल तर उत्तम क्षमा."

"तुमचं काय चुकतंय अण्णा," गणपा म्हणाला, "आमचाच ओव्हरटाईम मोजायला चुकतोय." सगळे हसले, अण्णाही हसले, आणि ओव्हरटाईम होता तेवढाच राहिला.

दुपारी दोनला ते ऋतुजाच्या खोलीत आले. हात जोडले, म्हणायचं ते म्हणाले, आणि जोडलेले हात सोडून खिशातून सहीचं सर्टिफिकेट काढलं.

"माझ्यापुरतं काहीच मनात नाही अण्णा," ऋतुजा म्हणाली. "पण दस्तगीरभाईंच्या वतीनं मी झोपू शकते. त्यांच्या वतीनं माफ कसं करू? त्याचं बटण नाही यंत्रात."

अण्णांनी सर्टिफिकेट पुढं धरूनच ठेवलं.

"एक करा. वळण घ्या. पंधरा मिनिटं. उठल्यावरही तुम्ही पाठव म्हणालात तर मी सही करते. शब्द देते."

"मला दुपारी झोप लागत न्हाई."

हे वाक्य बोलल्यावर दोघांनाही हसू आलं, आणि त्या हसण्यात अण्णा हरले. दहा दिवसांच्या उपासानं अंग तसंही हलकं झालेलं होतं. ऋतुजानं बटणावरचं प्लास्टिक नखानं सोलून काढलं. अण्णा आडवे झाले, "लई मऊ गादी हाय गं तुझी," म्हणाले, आणि दुसऱ्या मिनिटाला घोरायला लागले.

ऋतुजा स्टुलावर बसून राहिली. आतापर्यंत या खोलीतली झोप तिनं फक्त आतून पाहिलेली होती. खिडकीतून भट्टीचा तांबूस उजेड भिंतीवर हलत होता आणि त्यात अण्णांचा चेहरा कधी म्हातारा, कधी पोरसवदा दिसत होता. आता यांना भयंकर काहीतरी दिसणार, मोडलेला पाळणा, कोर्ट, तुरुंग, असं तिला वाटत होतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटत होती. पण अण्णांच्या ओठांवर हळूहळू हसू पसरलं. मघाशी दिलेला शब्द तिला आठवला.

अण्णा उठले ते ताजेतवाने. "काय गोड स्वप्न गं! उगंच भ्यालो इतकी वर्षं."

"काय दिसलं?"

"दहा वर्षांनी मी. ह्याच खुर्चीत. केस हैत अजून. क्षमावाणीचाच दिवस. मी हात जोडून निघालोय, तर गणपा म्हणतोय, माफ केलं अण्णा. मी तोंड उघडायच्या आधीच. पुढचा म्हणतोय, माफ केलं. सगळी रांगच्या रांग. फोन लावला, तर तिकडनं आवाज, माफ केलं अण्णा. नातवाला जवळ घेतलं, तर त्यो पण तेच. नुसता पाऊस माफीचा. कुणी विचारतच न्हाई, कशाबद्दल." ते हसले. "कशाबद्दल म्हणून कुणीच..."

त्यांनी पाण्याचा ग्लास घेतला. अर्धा प्यायले.

"म्हंजे चांगलंच की," ते म्हणाले. "कर सही."

ऋतुजानं पेन उघडलं. नोकरी गेली असती तर ती रडली असती, पण सही केली नसती, एवढं तिनं कालच ठरवलेलं होतं. आज मात्र तिनं शब्द देऊन ठेवला होता, आणि दोन दिवसांपूर्वी वचनाचं बटण दाबलेल्या बाईनं तो कसा मोडायचा, हे तिला कुठल्याच पायरीवरून दिसेना.

"तुमचे फोन होऊ देत अण्णा," ती कशीबशी म्हणाली. "मग करते."

ऑफिसात अण्णांनी यादी टेबलावर पसरली आणि स्पीकर लावला. पहिला फोन सांगलीच्या भंगारवाल्याला. "कळत-नकळत काही..." "माफ केलं अण्णा, माफ केलं! तुमचा चेक तेवढा बघा." दुसरा वाळूवाल्याला. "कळत-न..." "माफ केलं हो अण्णा, गाडीत आहे." तिसरा मेहुण्याला, ज्याच्याशी शेताच्या बांधावरून आठ वर्षं वाद चालू होता. त्यानंही ऐकून न घेता माफ करून टाकलं.

अण्णांनी फोनकडं असं बघितलं, जणू तो त्यांनी आधी कुठंतरी पाहिला होता. चौथं नाव दस्तगीर मुजावर.

"काय अण्णा! आला काय माफीचा दिवस?"

"आला. कळत-नकळत..." अण्णा थांबले. तिकडून काहीच आलं नाही. "दस्तगीर?"

"ऐकतोय की. पुरं म्हणा अण्णा. वर्षातनं एक डाव हात जोडताय, अर्ध्यात सोडायचं न्हाई."

ऋतुजाच्या हातात पेन होतं. तिनं श्वास धरला होता, आणि तो कुणाचा, हे तिला सांगता आलं नसतं.

"कळत-" अण्णा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले. "नकळत न्हाई दस्तगीर. कळूनच."

लाईनवर नुसती खरखर. मग दस्तगीरनी विचारलं, "डावा का उजवा?"

"डावा."

"केवढं?"

"लिंबाएवढं. लांबी लावलीया. आज पाठवणार हुतो."

"माझी नात बसणार हुती अण्णा. पयल्या फेऱ्यात."

"ठाऊक हाय मला. ठाऊक असून पाठवणार हुतो."

 पलीकडं हातोडीचा आवाज येत होता. कुणीतरी डोल्या जोडत होतं. दस्तगीरनी ओरडून त्याला थांबवलं.

"उद्या येतो," ते म्हणाले. "माझ्यासमोर फोडायचा."

"फोडू."

"आणि नवरात्र?"

"तुझं नवरात्र गेलं. माझ्यामुळं गेलं. पुढच्या पाळीत पयला तुझा तुंबा ओततो. ऑर्डर दुसरीकडं नेलीस तरी बोलणार न्हाई."

"आणि माफी?"

"ती मी मागितलीया. दे म्हणत न्हाई."

"बघू," दस्तगीर म्हणाले. "फुटलेला बघतो, मग सांगतो." आणि फोन बंद झाला.

अण्णांनी सर्टिफिकेट उचललं, दोनदा घडी घातली आणि ते कुठं ठेवावं हे न सुचून हातातच धरून बसले. त्यांचं वय एकदम दिसायला लागलं होतं. आणि तरीही, ऋतुजाला वाटलं, झोपेतल्या त्या हसऱ्या चेहऱ्यापेक्षा हा चेहरा जास्त जागा होता. बोनसचं काय करायचं, गणपाला काय सांगायचं, हे दोघांच्याही मनात आलं.

मग अण्णांचं बोट यादीवरून खाली सरकलं. अजून अडतीस नावं होती. पाचवं नाव इचलकरंजीच्या एका पंपवाल्याचं होतं. बोट तिथं थांबलं.

"ह्याला," अण्णा खाकरून म्हणाले, "जरा चहा घेऊन फोन करू."

ऋतुजानं दारातून दोन चहा सांगितले, खुर्ची टेबलाजवळ ओढली, आणि बसून राहिली.